‘आई, तू नुसती बस ना’ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सहा वर्षांखालील मुलांच्या मानसिक आरोग्याविषयी प्रश्न पाठवा, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेली बहुतेक पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतील आहेत. प्रत्येकाची अडचण वेगळी असली तरी जवळजवळ सगळ्या पत्रांत कुठे ना कुठे खेळाचा उल्लेख आहे : मूल एकच खेळ पुन्हापुन्हा खेळते, खेळताना चिडते, आमच्याशिवाय खेळत नाही. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : आम्ही घोडबंदर रस्त्यावर राहतो आणि आम्ही दोघेही नोकरी करतो. मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. जूनमध्ये ज्युनियर केजीत जाऊ लागल्यापासून तो नखे खातो, रात्री दचकून उठतो आणि सकाळी माझी ओढणी सोडत नाही. शाळेनंतर तो सासूबाईंजवळ असतो. मला घरी पोहोचायला पावणेआठ होतात. त्यानंतरचा अर्धा तास मी आवर्जून त्याच्याबरोबर खेळते. रंग, आकार आणि अक्षरे शिकवणारी चांगली खेळणी आणली आहेत. पण तो ठोकळे फेकून देतो आणि म्हणतो, ‘आई, तू नुसती बस ना.’ एकटा खेळतो तेव्हा बाहुल्यांना ओळीत बसवून त्यांच्यावर ओरडतो, ‘हाताची घडी, तोंडावर बोट!’ तो हिंसक होतो आहे का? मी कुठे कमी पडते आहे? — एक आई, ठाणे

उत्तर : ताई, आपण कुठे कमी पडतो हे शोधण्याआधी तुमच्या मुलाने तुम्हाला काय सांगितले आहे, ते पाहू. ‘तू नुसती बस ना’ हे त्याचे म्हणणे शब्दशः खरे आहे. त्याला तुम्ही हव्या आहात. शिकवणी नको आहे. सकाळी शाळेत त्याला रंग, आकार आणि अक्षरे विचारली जातात, आणि रात्री, दिवसभर ज्या माणसाची त्याने वाट पाहिली तेच माणूस पुन्हा ‘हा कोणता रंग? हे कोणते अक्षर?’ असे विचारू लागते. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक आहे, हे चार वर्षांच्या मुलालाही कळते. तो ठोकळे फेकतो ते या परीक्षेला कंटाळून, तुमच्यावर राग म्हणून नव्हे.

‘मला नव्या जागेची भीती वाटते, तिथे माझे कुणी नाही, आणि तू परत येशील याची मला खात्री वाटत नाही’ असे वाक्य या वयात जुळवता येत नाही. बाहुल्या ओळीत मांडता येतात. शाळेत तो सांगितले की बसतो आणि सांगितले की उठतो. खेळात तो स्वतः बाई होतो, आवाज त्याचा असतो आणि घाबरायची पाळी बाहुल्यांची असते. आपल्यावर जे गुदरले ते खेळात स्वतःच्या हातात घेण्याचा हा प्रयत्न आहे आणि तो निरोगी आहे. ‘असे ओरडू नये’ म्हणून तुम्ही खेळ थांबवलात तर ओरडणे थांबेल. भीती मनातच राहील आणि ती दाखवण्याची जागा तेवढी जाईल.

माझ्याकडे आलेल्या एका आईची गोष्ट, तिच्या परवानगीने आणि तपशील बदलून, सांगते. सतरंजीवर बसल्या बसल्या तिच्या मुलीने तिला विद्यार्थिनी केले आणि पट्टीसारखी धरलेली पेन्सिल जमिनीवर आपटली. आई क्षणभर गोंधळली. मग तिने खरोखरच हाताची घडी घातली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘बाई, मला घरी जायचंय.’ मुलीने पेन्सिल खाली ठेवली. थोडा वेळ ती आईकडे पाहत राहिली आणि मग अगदी वेगळ्या स्वरात म्हणाली, ‘रडू नको. डबा खाल्लास का? आई येणारे तुझी.’ तीन महिन्यांत त्या मुलीने शाळेविषयी घरी एक अक्षर काढले नव्हते. तिला काय हवे होते, ते त्या दोन मिनिटांत आईला समजले.

तेव्हा तुमचा अर्धा तास दहा मिनिटांवर आणा. ती दहा मिनिटे मात्र पूर्ण त्याची असू द्या. पालक आणि मूल यांच्या एकत्रित उपचाराची एक पद्धत अमेरिकेत शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात विकसित केली. तिच्यात पालकांना घरी करण्यासाठी रोज पाच मिनिटांचा असाच खेळ सांगितला जातो. खेळ मूल ठरवते आणि मोठे माणूस त्याच्या मागे जाते. त्या वेळात प्रश्न विचारायचे नाहीत, सूचना द्यायच्या नाहीत, चुका काढायच्या नाहीत. मूल जे करते ते आपण शब्दांत सांगायचे (‘तू लाल ठोकळा निळ्यावर ठेवलास’), ते जे बोलते ते आपण पुन्हा म्हणायचे, ते करते तसे आपणही करायचे, आणि कौतुक करायचे ते नेमक्या गोष्टीचे : ‘मनोरा पडला तरी तू पुन्हा रचलास.’ हे वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी दर अर्ध्या मिनिटाला जिभेवर प्रश्न येतो, हे मी शेकडो पालकांच्या बाबतीत पाहिले आहे. आठवडाभराने ही सवय सुटू लागते. आपल्या मनातल्या गोष्टीमागे मोठे माणूस चालत आले, हा अनुभव दिवसभर दुसऱ्यांचे ऐकणाऱ्या मुलाला फार मोठा आधार देतो.

ही दहा मिनिटे घरात शिरल्यावर लगेच द्या. हातपाय धुवा, पर्स आणि मोबाइल कपाटात ठेवा, आणि कणीक मळण्याआधी त्याच्याजवळ खाली बसा. ‘आधी स्वयंपाक उरकते, मग खेळू’ असे केले की तो सगळा वेळ तुमच्या पायांत घुटमळतो आणि दोघांचाही धीर सुटतो. घोडबंदरच्या वाहतुकीत दीड तास अडकून आलेल्या दिवशी तुमच्यात ताकदच उरली नसेल, तर जमिनीवर आडव्या व्हा आणि त्याला डॉक्टर होऊ द्या. रुग्णाला काहीच करावे लागत नाही. रविवारी मॉलमध्ये घालवलेल्या चार तासांपेक्षा या रोजच्या दहा मिनिटांवर माझा अधिक विश्वास आहे. सासूबाईंनाही यात घ्या. दिवसाचा मोठा भाग तो त्यांच्याजवळ असतो, आणि नातवाचा खेळ काय सांगतो, हे त्यांनाही समजायला हवे.

आणखी दोन गोष्टी. सकाळी त्याची नजर चुकवून कधीही निघू नका. रोज तोच छोटासा निरोप ठेवा : तुमच्या तळहातावर त्याने बोटाने गोल काढायचा, त्याच्या तळहातावर तुम्ही, आणि ‘संध्याकाळी जुळवून बघू’ म्हणून निघायचे. दुसरे म्हणजे वर्गशिक्षिकेला शांतपणे भेटा. हाताची घडी घालून मुलांना किती वेळ बसवले जाते, कुणी त्याच्यावर ओरडते किंवा हात उगारते का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि त्यानंतर २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा, दोन्हींनी तीन ते आठ या वयात खेळातून शिकण्यालाच मध्यवर्ती स्थान दिले आहे. त्यामुळे तुमच्या विचारण्यात गैर काही नाही. नखे खाणे आणि दचकणे नव्या शाळेच्या पहिल्या काळात पुष्कळ मुलांत दिसते. महिना-दीड महिन्यात ते कमी न होता वाढू लागले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मी ६९ वर्षांचा असून नेरूळला मुलाकडे राहतो. मुलगा आणि सून कामावर गेल्यावर दीड वर्षाची नात दिवसभर आम्हा दोघा म्हाताऱ्यांकडे असते. गुडघ्यांमुळे मला खाली बसता येत नाही. मोबाइलवर गाणी लावल्याशिवाय ती घास घेत नाही. त्यावरून सूनबाई नाराज होतात. मुलाने महागडी खेळणी मागवली, पण ती डब्यांची झाकणे वाजवत बसते. आजच्या पद्धतीचे खेळ आम्हाला येत नाहीत. आमच्यामुळे तिच्या वाढीत काही कमी राहील का? — एक आजोबा, नवी मुंबई

उत्तर : आजोबा, झाकणे वाजवणारी नात आणि तिच्याजवळ दिवसभर असणारी दोन माणसे, एवढ्या भांडवलावर फार चांगले काम होते. याचा पुरावा जमैकातून आलेला आहे. तेथील किंग्स्टन शहरातील गरीब वस्त्यांत १९८६-८७ मध्ये, वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या १२९ बालकांचा एक अभ्यास सुरू झाला. त्यांपैकी काही मुलांच्या घरी आरोग्य कार्यकर्त्या दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जात, घरातल्याच वस्तूंपासून केलेली खेळणी नेत आणि त्यांच्याशी मुलाबरोबर कसे खेळायचे, कसे बोलायचे, हे आईला दाखवत. ती मुले सतरा-अठरा वर्षांची झाली तेव्हा, ज्यांच्याकडे असे कुणी गेले नव्हते त्या मुलांपेक्षा त्यांच्यात चिंता आणि नैराश्य कमी आढळले आणि स्वतःविषयीचे मत अधिक चांगले आढळले; बावीसच्या सुमारास त्यांची कमाईही सुमारे २५ टक्के अधिक होती. खेळणी साधीच होती. खेळणारे माणूस समोर होते.

इतक्या लांब जाण्याचीही गरज नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडला नेले, तेव्हा ही दोन्ही गावे ठाणे जिल्ह्यातच होती; पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला. शिंपले, बिया, पाने, काड्या अशा परिसरात सापडणाऱ्या वस्तूंवर त्यांनी बालशिक्षण उभे केले. तुमच्या स्वयंपाकघरात त्याहून अधिक साहित्य आहे.

आता मोबाइलविषयी, कारण सूनबाईंची काळजी रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवणे योग्य नाही, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठीही दिवसाला जास्तीत जास्त एक तासाची मर्यादा आहे. यामागचे एक कारण असे की पडदा उत्तर देत नाही. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. तान्ह्या बाळाशी हसतबोलत असलेल्या आईने काही मिनिटे चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. बाळ आधी हसून पाहते, हात हलवते, आवाज काढते. आईचा चेहरा तसाच राहिला की ते तोंड फिरवते आणि कोमेजते. आई पुन्हा हसली की हळूहळू सावरते. आपण काही केले की समोरून प्रतिसाद येतो, या विश्वासावर लहान मुलाचे मन उभे राहते. नातीने झाकण वाजवून तुमच्याकडे पाहिले की ती तुम्हाला हाक मारत असते.

गुडघ्यांची चिंता करू नका. तुम्ही खुर्चीवर बसा आणि तिच्या उंचीचे स्टूल समोर ठेवा. तिने झाकण वाजवले की तुम्ही वाटी वाजवा आणि थांबा. हे थांबणे महत्त्वाचे आहे. आपण मोठी माणसे भराभर पुढचे काहीतरी दाखवतो आणि मुलाची पाळी येतच नाही. मनात पाचपर्यंत मोजा. ती पुन्हा वाजवील, बहुधा हसेलही, मग तुम्ही वाजवा. वर्तमानपत्राआड तोंड लपवून ‘भॉक्’ करणे, पलंगावर पडून पांघरुणाचा तंबू करणे, आजींनी निवडायला घेतलेल्या मटारच्या शेंगा एका पातेल्यातून दुसऱ्यात टाकणे (दाणे मात्र तिच्या हाती लागू देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकू शकतात), हे सगळे खेळच आहेत. आजी तिच्याशी ज्या मराठीत बोलतात तीच बोलावी; मुद्दाम इंग्रजी शब्द घालण्याची गरज नाही.

जेवताना मोबाइल बंद केल्यावर तीन-चार दिवस ती रडेल आणि कमी खाईल. त्या दिवसांत घरातल्या सगळ्यांनी एकच धोरण ठेवावे. तिला स्वतःची वाटी आणि चमचा द्या, थोडा वरणभात सांडू द्या, एक घास चिऊचा, एक काऊचा करत एखादा घास तिलाच तुम्हाला भरवू द्या. दुसऱ्याला भरवणाऱ्या मुलीचे स्वतःचे खाणेही बहुधा सुधारते. संध्याकाळी ऊन उतरल्यावर सेक्टरच्या बागेत बाकावर बसा आणि ती ज्याकडे बोट दाखवील त्याचे नाव सांगा. मात्र दीड वर्षाची होऊनही ती कशाकडेच बोट दाखवत नसेल किंवा नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना भेटा.

आणि मुलाला हेही स्पष्ट सांगा की आठवड्यातली एक दुपार तुम्हा दोघांना मोकळी हवी आहे. थकलेल्या माणसाचा चेहरा त्याच्याही नकळत निर्विकार होतो.

प्रश्न : आम्ही खारघरला राहतो. दोन महिन्यांपूर्वी माझी आई रुग्णालयात वारली. माझी पाच वर्षांची मुलगी तेव्हापासून बाहुलीवर पांढरा रुमाल पांघरून ‘आजी झोपली, आता उठणार नाही’ असा खेळ खेळते. पत्नीला ते पाहवत नाही, ती उठून जाते. नातेवाईक म्हणतात, हे अशुभ आहे, बंद करा. मी रागावून तो खेळ बंद केला. आता ती रात्री अंथरूण ओले करते. काय करावे? — एक वडील, नवी मुंबई

उत्तर : तुमचे दुःख अजून ताजे आहे आणि त्यातही तुम्ही मुलीकडे लक्ष देत आहात, म्हणून मोकळेपणाने लिहिते. तो खेळ तिला परत द्या. पाच वर्षांच्या मुलाला मरण कायमचे असते हे पुरते समजलेले नसते. गेलेले माणूस कधीतरी येईल असे त्याला वाटत राहते. तुमची मुलगी रुमाल पांघरते, काढते, पुन्हा पांघरते, ते हेच समजून घेण्यासाठी. मोठी माणसे दहा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला तीच हकीकत पुन्हापुन्हा सांगतात आणि त्यातून सावरतात. तिच्यापाशी त्यासाठी बाहुली आहे.

एक गोष्ट मात्र बदला. ‘झोपली’ हा शब्द कदाचित आपल्यापैकीच कुणाच्या तरी तोंडून तिने ऐकला असेल. झोपलेले माणूस उठत नाही असे वाटले, तर मुलाला स्वतःच्याच झोपेची धास्ती बसू शकते. तिला साध्या शब्दांत सांगा : ‘आजी खूप आजारी होती. डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण तिचे शरीर बंद पडले. ती मेली. मेलेले माणूस झोपलेले नसते आणि ते परत येत नाही. तुझ्यामुळे काही झाले नाही.’ शेवटचे वाक्य तिने विचारले नाही तरी सांगा, कारण या वयाची मुले नकळत दोष स्वतःकडे घेतात.

मग एखाद्या संध्याकाळी तिच्याजवळ बसा आणि म्हणा, ‘तो आजीचा खेळ मी बंद केला होता. खेळायचा का? मी कोण होऊ?’ ती सांगेल ते व्हा. बाहुलीला ती काय देते, कुणाला रडायला लावते, हे पाहत राहा. खेळाचा शेवट गोड करण्याची घाई करू नका. तुमच्या पत्नीला रडू आले तर त्यांनी उठून जाण्यापेक्षा तिथेच बसून ‘मलाही आजीची आठवण येते’ एवढे म्हणावे. ज्या दुःखापुढून आई उठून जाते, ते बोलायचे नसते, असे मूल समजते. नातेवाइकांच्या बोलण्यात माया आहे, हे मला मान्य आहे; पण मुलीच्या खेळाने घरावर कोणतेही संकट येणार नाही. अंथरूण ओले होण्यावर रागावू नका. चादर शांतपणे बदला.

बहुतेक मुलांचा असा खेळ काही आठवड्यांत बदलू लागतो : बाहुली उठते, तिला फुले मिळतात, मधेच दुकान-दुकान सुरू होते. असा बदल अजिबात झाला नाही, खेळ संपल्यावर ती अधिकच ताठ आणि बेचैन दिसू लागली, खाणे आणि खेळणेच सोडले, किंवा मला आजीकडे जायचे आहे असे वारंवार म्हणू लागली, तर बालरोगतज्ज्ञांमार्फत बालमानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्या. शासनाची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा चोवीस तास चालते आणि तेथे मराठीतून बोलता येते. ती तुमच्या स्वतःसाठीही आहे. तुमची आई गेली आहे.

प्रश्न : साडेपाच वर्षांचा नातू सापशिडीत हरला की पट उधळतो. आम्ही मुद्दाम हरावे का? — एक आजी, कळवा

उत्तर : कधीमधी हरलात तर बिघडत नाही, पण रोज नको, ते त्याला लवकरच कळेल. या वयात हार पचवणे खरोखर जड असते, म्हणून हरण्या-जिंकण्याच्या खेळांपेक्षा भातुकली, मातीकाम, दोघांनी मिळून एकच सोंगटी शंभरापर्यंत नेणे, असे खेळ अधिक ठेवा. तुम्हाला साप लागेल तेव्हा मोठ्याने म्हणा, ‘अरेरे, गिळलं मला. वाईट वाटलं. थांब, जरा पाणी पिते आणि मग फासा टाकते.’ राग आल्यावर काय करता येते, हे त्याला उपदेशापेक्षा तुमच्याकडे पाहून लवकर समजेल. तरीही पट उधळला, तर त्या क्षणी समजावू नका. सोंगट्या गोळा करायला त्याच्या शेजारी बसा, आणि पलंगाखाली गेलेली एक सोंगटी त्यालाच काढू द्या.